सरकारला जाब विचारायचा कसा? नव्या मतदारासाठी पायरीपायरीने

‘सरकार काही करत नाही’ ही तक्रार आपण सगळेच करतो, पण तिच्यावर पत्ता लिहिलेला नसतो, म्हणून ती कुठल्याच टेबलावर पोहोचत नाही. लोकशाहीत सरकारची जबाबदारी हवेत नसते. ती कुठल्यातरी कायद्यात, नियमात किंवा शासन निर्णयात लिहिलेली असते, एखाद्या पदावरच्या माणसाकडे सोपवलेली असते आणि बहुतेक वेळा तिला मुदतही असते. तो कागद, ते पद आणि ती मुदत शोधून लेखी विचारणं हा आपल्या वाट्याचा भाग. तो आपण केला नाही, तर वरचा भाग कागदावरच राहतो.

हा लेख नुकतीच अठरा पूर्ण केलेल्यांसाठी आहे. तीन-चार वेळा मत देऊनही ग्रामपंचायतीची किंवा पालिकेची पायरी दाखला काढण्यापलीकडे कधी न चढलेल्यांनाही तो चालेल. नियम महाराष्ट्रातले आहेत.

पायरी १: मतदार यादीत नाव पाहा, ओळखपत्र नव्हे

मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने. पण अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून नाव आपोआप यादीत येत नाही. त्यासाठी नमुना ६ भरावा लागतो. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख (ज्या दिवशी अठरा पूर्ण असायला हवीत ती) होती, त्यामुळे फेब्रुवारीत अठरा पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा वर्षं पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. घर बदललं किंवा नावात चूक असली तर नमुना ८.

हातात ओळखपत्र आहे म्हणजे मत देता येईलच असं नाही. मत यादीतल्या नावावर मिळतं. म्हणून दर वर्षी एकदा ऑनलाइन यादीत किंवा आपल्या भागाच्या बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नाव तपासा. १९५० या हेल्पलाइनवरही विचारता येतं.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी मात्र विधानसभेचीच वापरली जाते, एका ठरावीक तारखेला ती जशी असेल तशी. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणारा बहुतेक वेळा ती तारीख चुकवून बसलेला असतो.

पायरी २: काम नेमकं कुणाचं?

सगळ्यात जास्त शक्ती इथे वाया जाते. लोक खासदाराकडे गटार मागतात, नगरसेवकाकडे पोलिसांची तक्रार करतात आणि दोन्हीकडून ‘बघतो’ हे उत्तर घेऊन परत येतात. ‘बघतो’ म्हणणारा खोटं बोलत असतोच असं नाही. ते काम त्याच्या अखत्यारीत नसतं, एवढंच.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे केंद्राकडे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, जमीन महसूल राज्याकडे. शिक्षण, वनं असे काही विषय दोघांच्या समाईक यादीत. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, त्यांच्यासाठी अकराव्या अनुसूचीत २९ आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय घातले. हे पाठ करायची गरज नाही. पण मनात एक साधा प्रश्न तयार ठेवा: हे काम ज्याच्या पैशातून होतं, त्याचं देयक कोण मंजूर करतं? जो मंजूर करतो, त्याला विचारायचं.

रस्त्याचंच घ्या, कारण खड्ड्यांची तक्रार सगळ्यांचीच असते. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. गावठाणातली गल्ली ग्रामपंचायतीची, शहरातला रस्ता बहुतेक वेळा पालिकेचा. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द मुद्दाम घातले, कारण शहरातूनही राज्य मार्ग किंवा महामार्ग जातो आणि मग दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड इथे उपयोगी पडतो. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर गावाकडचा रस्ता. दगड गायब असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात ‘हा रस्ता आपल्याकडे आहे का’ असं एका ओळीचं पत्र द्या. लेखी ‘नाही’ मिळालं तरी ते पुढच्या दारात दाखवता येतं.

गावात तीन पदं आधी समजून घ्या. सरपंच निवडून आलेला. ग्रामसेवक हा पंचायतीचा सचिव (२०२४ पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं, लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात). तलाठी महसूल खात्याचा, त्याचा साहेब तहसीलदार. ग्रामसेवकाच्या वर पंचायत समितीचा गटविकास अधिकारी आणि त्याच्या वर जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी. सातबाऱ्याची तक्रार घेऊन सरपंचाकडे आणि पाण्याची घेऊन तलाठ्याकडे गेलात तर दोघंही तुम्हाला चहा पाजतील आणि काम तिथेच राहील.

मग आमदार-खासदार कशासाठी? कायदे करण्यासाठी, अर्थसंकल्प मंजूर करण्यासाठी आणि सभागृहात मंत्र्यांना प्रश्न विचारण्यासाठी. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा निधी असतो, पण खासदार फक्त कामं सुचवतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. आपल्याकडे लोकप्रतिनिधीचं मोजमाप भूमिपूजनाच्या पाट्यांवरून होतं, त्याने सभागृहात काय विचारलं हे कुणी पाहत नाही. प्रश्न आणि उत्तरं संसदेच्या आणि विधिमंडळाच्या संकेतस्थळांवर असतात. एकदा तुमच्या खासदाराचे प्रश्न वाचा. कधी सुखद धक्का बसतो, कधी नुसताच धक्का.

पायरी ३: सरकारने स्वतःला काय बांधून घेतलंय, ते वाचा

दाखला आठ दिवसांत द्यायचा की साहेबांच्या मर्जीवर, हे कुणाच्या तरी उदारपणावर सोडलेलं नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला तीन गोष्टी जोडलेल्या असतात: ती देणारा पदनिर्देशित अधिकारी, मुदत आणि अपील ऐकणारे अधिकारी. ही यादी कार्यालयाच्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही ती असते. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा कारण न देता नाकारली, तर पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम फार नाही, पण सेवापुस्तकात डाग नको म्हणून बरीच कामं पहिल्या अपिलाच्या आधीच होतात. यासाठी एकच गोष्ट लागते: अर्जाची पोच. तोंडी अर्जाला मुदत लागू होत नाही. ‘ठेवून जा, बघू’ असं कुणी म्हणालं तर हसून थांबा आणि आवक क्रमांक घेऊनच निघा.

दुसरा कायदा लोक ‘दप्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणून ओळखतात. त्याचं खरं नाव एवढं लांब आहे की ते वाचतानाच दिरंगाई होते. बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातला विलंब, दोन्हींसाठी हा एकच कायदा २००५ चा. त्यानुसार कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. इतर विभागाकडे पाठवायची गरज नसलेल्या फाइलवर ४५ दिवसांत अंतिम निर्णय व्हायला हवा, पाठवावी लागणार असेल तर तीन महिन्यांत. प्रत्येक कार्यालयाने ‘नागरिकांची सनद’ प्रसिद्ध करणंही यातच आहे. हा कायदा फार कमी लोक वापरतात. पत्राच्या शेवटी त्याचा उल्लेख आणि ‘माझ्या अर्जावर आजवर कोणती कार्यवाही झाली ते कळवावे’ एवढं वाक्य आलं की उत्तराची भाषा बदलते.

तिसरी गोष्ट शासन निर्णय, म्हणजे जीआर. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला एक ‘नवा जीआर’ फिरतो, त्यातले बरेच जुने, अर्धवट किंवा बनावट असतात. खरा जीआर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर असतो, मराठीत असतो आणि त्यावर लांबलचक सांकेतांक असतो. तो टाकून शोधा, सापडला नाही तर पुढे पाठवू नका. जाणता नागरिक म्हणवून घ्यायचं तर निदान एवढी तपासणी करायला हवी.

जीआर वाचायचीही रीत आहे. वर विभागाचं नाव, क्रमांक, दिनांक. मग ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी. हा भाग लोक सोडून देतात, पण मूळ पात्रतेचे निकष अनेकदा त्या जुन्या निर्णयांत असतात. मग ‘प्रस्तावना’. ती घाईत असाल तर सोडा. मग ‘शासन निर्णय’ या शीर्षकाखालचे क्रमांकित परिच्छेद, म्हणजे खरा मजकूर. त्यात ‘करण्यात येत आहे’ आणि ‘करण्याची बाब विचाराधीन राहील’ यांतला फरक नीट पाहा. शेवटी खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यावर, पडणार ते असतं. घोषणा मोठी आणि लेखाशीर्षाचा पत्ता नाही, तर पैसे अजून आलेले नाहीत असं समजा.

पायरी ४: माहिती मागा, पण कागद मागा

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून तेव्हाचं जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. त्यामागे राजस्थानातल्या मजूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनावण्या होत्या. गावच्या कामांची हजेरीपटं आणि बिलं तिथे चारचौघांत मोठ्याने वाचली जात. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा दबाव होता आणि केंद्राच्या आधीच राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा झाला होता.

अर्ज करणं सोपं आहे. साध्या कागदावर किंवा जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कुणी विचारू शकत नाही. उत्तर ३० दिवसांत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा.

अवघड असतं ते प्रश्न लिहिणं. नवखा माणूस लिहितो: ‘आमच्या रस्त्याचं काम निकृष्ट का झालं? जबाबदार कोण? कारवाई का झाली नाही?’ उत्तर येतं: ‘सदर प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही.’ आणि ते उत्तर बरोबर असतं. कायदा कार्यालयाकडे असलेला अभिलेख, म्हणजे लेखी नोंदी, देतो, मतं किंवा खुलासे नाही. म्हणून ‘का’ विचारायचं सोडा आणि कागदांची नावं लिहा. असं:

> विषय: (अमुक) ते (तमुक) ग्रामीण मार्गाच्या डांबरीकरणाची कागदपत्रे.
> कालावधी: १ एप्रिल २०२३ ते अर्जाच्या दिनांकापर्यंत.
> माहितीचा तपशील: १) मंजूर अंदाजपत्रकाची प्रत. २) कार्यारंभ आदेशाची प्रत. ३) मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींच्या प्रती. ४) ठेकेदारास अदा केलेल्या देयकांच्या प्रती. ५) करारनाम्यातील दोषदायित्व कालावधीच्या अटीची प्रत.

पाच कागद, पण जवळजवळ सगळी गोष्ट त्यात येते. अंदाजपत्रकात किती लांबी, किती रुंदी, किती जाडीचा थर धरला ते असतं. मोजमाप पुस्तिका, म्हणजे ‘एमबी’, तिच्यात प्रत्यक्ष किती झालं हे अभियंत्याने सहीनिशी लिहिलेलं असतं आणि देयक तिच्यावरून निघतं. एमबी घेऊन रस्त्यावर जा. थराची जाडी तुम्हाला तपासता येणार नाही, त्या वादात पडू नका. लांबी आणि रुंदी मात्र टेपने कुणालाही मोजता येते. एमबीत साडेतीन मीटर आणि रस्त्यावर तीन मीटर निघाले तर तुमच्या तक्रारीला विशेषणांची गरज उरत नाही.

पाचवा कागद दोषदायित्व कालावधीचा. करारात ठरलेल्या त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. हे माहीत नसलं की त्याच रस्त्यासाठी नवा निधी आणला जातो, पुन्हा नारळ फुटतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

प्रतीसाठी पानाला २ रुपये पडतात. ३० दिवसांची मुदत उलटली तर माहिती मोफत द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, २० रुपयांचा स्टँप लावून. त्याने ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या अपिलाला फार वेळ लागतो. म्हणून पहिल्या अपिलाची सुनावणी हलक्यात घेऊ नका. स्वतः हजर राहा, कागद हातात ठेवा, आवाज खाली ठेवा.

अर्ज करण्याआधी एक आडवाट करून पाहा. कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने १७ मुद्द्यांची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते: अधिकारी, कर्तव्यं, अंदाजपत्रक, लाभार्थी वगैरे. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीच सुरू होती. सगळीकडे ती पाळली जात नाही. काही ठिकाणी तुम्हीच त्यांना शासन निर्णय दाखवायचा असतो, त्याची प्रत खिशात ठेवा.

दोन इशारे. शेजाऱ्याशी भांडण म्हणून त्याच्या नोकरीची, पगाराची, रजेची माहिती मागणं हा या कायद्याचा उपयोग नव्हे. वैयक्तिक माहिती नाकारली जाते आणि तुमच्या पुढच्या खऱ्या अर्जाकडेही संशयाने पाहिलं जातं. दुसरा इशारा जास्त गंभीर. महाराष्ट्रात माहिती अधिकार कार्यकर्त्यांवर हल्ले झाले आहेत. जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे इथे खून झाला. वाळू, जमीन किंवा मोठा ठेका यात असेल तर एकट्याने अर्ज करू नका. चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज करा, मिळालेले कागद अनेकांकडे ठेवा. माहिती एकाच माणसाच्या कपाटात असते तोवरच त्या माणसाला धोका असतो.

पायरी ५: सभेत जाऊन बसा

ग्रामसभा ही गावातल्या मतदारांची असते. सरपंच तिथे अध्यक्ष असतो, मालक नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांच्या आसपास होतात. गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला पुढे गणपूर्तीची अट नसते. गंमत अशी की काही गावांत पहिली सभा तहकूब होईल याचीच सोय केली जाते, मग दुसरीत मोजकी माणसं सगळं मंजूर करतात. हे थांबवायला कुठलं आंदोलन लागत नाही. शंभर माणसं वेळेवर येऊन बसली की झालं. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी वेगळी घ्यायची असते. ती फक्त सह्यांपुरती होते का, ते गावातल्या बायकांना विचारा.

सभेत काय करायचं? आधी विषयपत्रिका मागा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. घरकुलासारख्या योजनांच्या लाभार्थ्यांची निवड ग्रामसभेत होते, तिथे नावं मोठ्याने वाचायला लावा. पंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर असतो, तो आदल्या रात्री मोबाइलवर पाहून ठेवा. तुमचा मुद्दा ठरावात हवा असेल तर तो लेखी द्या, सूचक-अनुमोदक ठरवून या आणि सभा संपण्याआधी ठराव नोंदवून घ्या. सभा संपल्यावर, सह्या झाल्यावर घातलेला वाद इतिवृत्तात येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे गाव या बाबतीत आपल्या राज्याने देशाला दाखवलेला पाठ आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. तिच्यामागची मेहनत कमी जणांना माहीत असते. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने अभ्यासगट चालवले: प्रश्न आला की आधी माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, चर्चा करायची आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचं. बहुमताने नाही, सर्वसहमतीने. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आलं, ते या तयारीमुळे. हा कायदा अनेक गावांना लागू होता. ज्यांनी तो वाचून ठेवला होता, ती पुढे गेली.

शहरातल्यांचं मात्र दुखणं वेगळं. ग्रामसभेसारखी, मतदाराला हक्काने बसता येईल अशी सभा शहरात प्रत्यक्षात नाही. प्रभाग समितीच्या बैठका, सर्वसाधारण सभेची प्रेक्षक गॅलरी आणि अर्थसंकल्पाआधी मागवल्या जाणाऱ्या सूचना, एवढीच दारं. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामं मागवायला सुरुवात केली. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर फॉर्म कधी निघतो ते नजरेत ठेवा, कारण तो फार गाजावाजा न करता निघतो. आणि निवडणुकाच वेळेवर झाल्या नाहीत तर ही दारंही बंद होतात. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या मुंबई महापालिकेची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. घटनेने पाच वर्षांची मुदत घातलेली असताना मधला काळ प्रशासकाच्या सहीवर गेला. खड्ड्यांवरून रस्त्यावर येणारं शहर या मुद्द्यावर फारसं रस्त्यावर आलं नाही. त्यात दोष एकट्या सरकारचा नव्हता.

पायरी ६: तक्रार वर न्यायची असेल तर

क्रम पाळा: आधी संबंधित अधिकारी, मग त्याचा वरिष्ठ, मग जिल्हा. पहिल्याच दिवशी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं तर ते खाली उतरत उतरत महिन्याभराने त्याच टेबलावर येतं. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठी विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट प्रकरणं आणि नोकरीविषयक तक्रारी तिथे घेत नाहीत. अर्ज एका पानाचा असू द्या: काय घडलं, कोणत्या नियमाप्रमाणे काय व्हायला हवं होतं, आजवर कुणाला कधी लिहिलं, आता नेमकं काय हवं.

लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. इथे नागरिकाची बाजूही स्पष्ट सांगायला हवी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच देणाऱ्याला संरक्षण मिळतं. ‘सगळेच देतात’ हा बचाव कायद्यात नाही. घरपट्टी-पाणीपट्टीचंही तसंच: थकबाकीदाराने सभेत उभं राहून हिशेब मागितला तर पहिलं उत्तर काय येईल, ते तुम्हाला माहीत आहे. आधी भरा, मग विचारा.

पायरी ७: मत देण्याआधी शपथपत्र वाचा

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे उमेदवाराला मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणं शपथेवर जाहीर करावी लागतात. २०१३ मध्ये न्यायालयाने रकाने कोरे ठेवायलाही मनाई केली, आणि त्याच वर्षी ‘नोटा’चा पर्याय आला. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर मिळतात. गुन्हा ‘दाखल’ आहे की ‘दोषसिद्धी’ झाली आहे, हा फरक पाहा. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा सारखे मोजू नका. पुन्हा उभ्या राहिलेल्या उमेदवाराचं पाच वर्षांपूर्वीचं शपथपत्र शेजारी ठेवा आणि मालमत्तेचा रकाना वाचा, उत्पन्नाचा रकानाही वाचा. दोन्हींचा मेळ बसतो का ते पाहायला सनदी लेखापाल लागत नाही.

गावात ‘बिनविरोध’ हा शब्द ऐकला की लगेच आनंदू नका, कसं बिनविरोध ते विचारा. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या गावांत पदांसाठी बोली लागल्याचं उघड झालं, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. अशी बोली लागत असेल तर ती गुपचूप लागत नाही, गावासमोर लागते. तिथे बसलेल्यांपैकी कुणीही तहसीलदार कार्यालयातल्या निवडणूक शाखेत लेखी तक्रार देऊ शकतो. तीही आवक क्रमांक घेऊनच.